आधी वळू तपासा

प्रिय डॉक्टर,

‘प्रिय’ लिहिलं ते रिवाज म्हणून. मनात आज दुसराच शब्द आहे आणि तो कागदावर उतरवण्यासारखा नाही.

आज सकाळी मी तुमचा शब्द मोडला. तुमच्या आईंसमोर, धाकट्या भावजींसमोर, भर अंगणात. परवा तुमचं वर्षश्राद्ध, त्यासाठी मी लोणावळ्याहून गावी आले, आणि श्राद्धाच्या तोंडावर हे करून बसले. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी आपणच कळवावं म्हणून लिहिते आहे. आणि खरं विचाराल तर शब्द मी दिलाच कुठे होता? तुम्ही मागितलात, मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की ते ‘हो’च आहे असं धरून चालायची तुम्हाला जन्माची सवय!

वेळ तरी काय साधलीत हो! अगदी शेवटी, उशीला टेकून बसायचीही ताकद उरली नव्हती तेव्हा. मी पेज भरवत होते. तुम्ही चमचा बाजूला सारलात आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणालात, “यमुना, दोष तुझ्यात नव्हता. माझ्यात होता. त्या तापानंतर मी स्वतःचं काचेवर घेऊन पाहिलं होतं.” मी काही बोलायच्या आत पुढचं आलंच. “बाहेर कुठे बोलू नकोस. माझ्यामागे नाव तेवढं राहू दे.”

नाव! आणि माझं नाव काय होतं एवढी वर्षं? वांझ. नळावर वांझ, देवळात वांझ, तुमच्या मावशीच्या घरच्या बारशाला दारातूनच परत पाठवलं तेव्हाही वांझ. ते नाव राहिलं तर चालत होतं, नाही का?

तुमची पेज मी त्या दिवशी पूर्ण भरवली. तशा झालेल्या माणसाशी कोण भांडणार? भांडण तसंच पोटात राहिलं. आज ते घेऊन बसले आहे आणि तुम्ही ऐकायचं आहे.

मुंबईच्या कॉलेजातून तुम्ही जनावरांचे डॉक्टर होऊन आलात तेव्हा गाव हसलं होतं. एवढं शिकून ढोरंच हाकायची होती तर मुंबईला कशाला गेला, म्हणायचे. मी नाही हसले. नवी नवरी होते, तरी जावांना उलट उत्तर दिलं होतं की दुखतंय कुठे ते माणूस सांगू शकतो, जनावर सांगू शकत नाही, त्याचा डॉक्टर मोठा. आईंनी त्याबद्दल मला उभं-आडवं घेतलं होतं. तुम्ही शेजारच्या खोलीत बसून ऐकलंत आणि हसलात. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस दाराआड बसून ऐकणारा आहे.

मग सरकारनं तुम्हाला उत्तरेत, पहाडाखालच्या त्या संशोधन केंद्रात धाडलं. तिथल्या गाई एकीमागून एक गाभ टाकत होत्या, आणि का टाकतात ते शोधायचं होतं. मेलेली वासरं काय, अडकलेली वार काय, तुमचे हात कोपरापर्यंत त्यात बुडालेले. हातमोजे घाला म्हणून मी कितीदा सांगितलं. तुमचं उत्तर ठरलेलं, मोजा घातला की बोटांना कळत नाही. बोटांना सगळं कळत होतं, डोक्याला कळायचं राहिलं.

तो ताप आठवतो? चार दिवस यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. घामानं गादी भिजायची आणि मी चादरी पिळायची. सगळे हिवताप म्हणत होते, क्विनाईन पाजत होते. तुम्हाला मात्र ठाऊक होतं की गाईंचाच रोग तुमच्या अंगात शिरलाय. उठून चालायला लागलात तर पाय फाकवून चालायचात. मी विचारलं, काय झालं? म्हणालात, घोड्यानं लाथ मारली! अहो, त्या मुक्या प्राण्यावर कसला आळ घेतलात! जनावरांचा कैवारी म्हणवणाऱ्या माणसानं निदान घोड्याला तरी मध्ये ओढायचं नव्हतं.

बरं, तेव्हा तरुण होतात, लाजलात, समजू शकते. पण पुढे? पुण्याला बदली झाली, लोणावळ्याला घर केलं, आणि आईंची माझ्यामागे भुणभुण सुरू झाली. कार्ल्याच्या एकवीरेला अनवाणी गेले. लोहगडाखालच्या वाडीतली एक ठाकर म्हातारी मुळ्या द्यायची, त्याचा काढा आई स्वतः उकळून आणायच्या. असा कडू की घोट खाली उतरायच्या आत पोट वर यायचं. परसात बसून मी ओकायची आणि तुम्ही खिडकीत बसून वासराच्या वाढीवर इंग्रजीत काहीतरी लिहीत असायचात. एकदा तुम्हाला विचारलं, यानं खरंच काही होतं का हो? तुम्ही वर न पाहता म्हणालात, अपाय नाही होणार.

अपाय नाही होणार! एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि बायकोला द्यायला एवढंच वाक्य?

आणि नाथाचा वळू? तो कसा विसरेन! गावानं देवाच्या नावानं सोडलेला. त्यानं कुणाच्याही शेतात शिरावं, पिकात तोंड घालावं, त्याच्यावर काठी उगारायची नाही. त्या साली गावच्या गाई उलटायला लागल्या. फळवून आणलेली गाय पुन्हा माजावर यायची. लोकांनी गाईंनाच नावं ठेवली आणि चांगल्या तरण्याताठ्या गाई भाकड म्हणून बाजाराला लावल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! तुम्ही ऐकलंत आणि पेटी घेऊन आलात. देवाच्या वळूला हात लावणार म्हटल्यावर पुजारी आडवा पडला. पाटील म्हणाले, नाथ कोपला तर गाव राहायचा नाही. तुम्ही चिडला नाहीत. देवळाच्या पायरीवर बसून, त्यांच्याच बोलीत, दिवसभर समजावत राहिलात. तुमचं ते बोलणं अजून माझ्या कानात आहे.

“गाय उलटली की तिला बाजार दावताय. बीच फोल असंल तर जमिनीनं काय करायचं? आधी वळू तपासा.”

तपासलात. त्याचं रेत काचेवर घेतलंत, शेजारच्या गावच्या वळूचं दुसऱ्या काचेवर घेतलंत, आणि पाटलांना सूक्ष्मदर्शकात पाहायला बसवलंत. शेजारच्या वळूच्या काचेवर नुसती लगबग, नाथाच्या वळूच्या काचेवर सामसूम. पाटील बराच वेळ वर बघेनात. मग फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले की आम्ही उगाच गरीब गाई विकल्या. त्यानंतर नाथाचा वळू देवळामागे दावणीला बांधून पोसला आणि गावानं दुसरा आणला. पुढच्या साली गोठे भरले.

मी तिथेच होते, बायकांच्या घोळक्यात. ऊर भरून आला होता माझा. त्याच महिन्यात आईंनी मला सोमवार धरायला लावले होते! अहो, गावच्या गाईंसाठी दिवसभर जीभ चालली, घरी आल्यावर त्या जिभेला काय होत होतं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वळूच्या काचेवरची ती सामसूम पाटलांना दाखवताना तुम्हाला स्वतःची काच नाही आठवली?

आठवली असणार. म्हणूनच घरी परतताना टांग्यात तुम्ही अवाक्षर बोलला नाहीत आणि मला वाटलं, दमलेत बिचारे.

मग ते नळीचं वासरू. वळू गाईजवळ न आणता, काचेच्या नळीनं रेत पोचवून गाय गाभण करायची, हे तुमचं पुढचं वेड. साहेब हसले, डेअरीवाले हसले, तुम्ही सोडलं नाहीत. आणि ती कालवड जन्मली! तिचं ओलं अंग तुम्ही स्वतःच्या धोतरानं पुसलंत, तिला पहिल्यांदा उभी राहताना पाहून घळाघळा रडलात. मी पण रडले, खोटं कशाला बोलू? चांगलं काम केलंत. तुमच्या कामावर माझा राग नाही, कधीच नव्हता. पण त्या संध्याकाळी विहिरीवर एक जण मला म्हणाली, “बाई, डाक्तर नळीनं वासरं करत्यात म्हनं. मग तुमचं घोडं कुटं अडलंय?” सगळ्या खिदळल्या. मी कळशी उचलली आणि आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी तुमचा पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भावजी म्हणाले, वैनींना आम्ही सांभाळू. आई म्हणाल्या, तुझ्या गोठ्याकडं पोरं बघतील. कावळा फांदीवरून हलेना. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमचं काय अडलंय ते मला नेमकं ठाऊक होतं. ‘कुणाला सांगणार नाही’ एवढंच म्हणायचं होतं. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले, लोकांना वाटलं रडते आहे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. रागावला असाल तेव्हा. रागवा.

आणि ती लोणावळ्याची शोकसभा! तुमच्या संशोधनाबद्दल बोलले ते मी मान वर करून ऐकलं. मग अध्यक्ष म्हणाले, डॉक्टरसाहेबांच्या पोटी संतान नव्हतं, पण त्यांनी पत्नीला अंतर दिलं नाही, दुसरा विवाह केला नाही, असा देवमाणूस. टाळ्या पडल्या, शोकसभेत! बायकांच्या बाजूनं सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, जणू मी तुमच्या उपकारावर जेवले. दुसरा विवाह! करून तरी काय होणार होतं, डॉक्टर? तिसरा केला असतात तरी काय होणार होतं?

तरी सांगते, त्या एका गोष्टीवर मी जगले. आईंनी त्यांच्या भावाची मुलगी तुमच्यासाठी पक्की केली होती, साखरपुड्याची साडीसुद्धा आणली होती. तुम्ही त्यांच्या खोलीत गेलात, दार लावलंत आणि बाहेर आलात ते म्हणालात, विषय संपला. मी त्या दिवशी तुमच्यासाठी पुरण घातलं होतं. वाटलं, माझ्यासाठी आईशी भांडला हा माणूस. तुम्ही पेज खाताना ते सत्य सांगितलंत त्यानंतरही मी हे जपून ठेवलं होतं. म्हटलं, लाज वाटली असेल, बोलता आलं नसेल, पण तेव्हा माझ्या बाजूनं उभा राहिला ना?

आता आजचं सांगते.

आपल्या महादूची, भावजींच्या थोरल्याची, बायको हौसा. गुणाची पोर. लग्नाला काही वर्षं झाली, कूस उजवली नाही, म्हणून आईंनी महादूसाठी पवन मावळातली दुसरी मुलगी बघायचं ठरवलं. सकाळी गाडी जुंपली होती. शिदोरीच्या भाकऱ्या कोण थापत होतं सांगू? हौसा. सवत बघायला निघालेल्यांची शिदोरी तिच्याच हातून बांधून घेत होते! ती खाली मान घालून फडक्यात चटणी बांधत होती. तिनं भाकऱ्या मोजून वर आणखी एक ठेवली, वाटेत कमी पडायला नको म्हणून. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी अंगणात आले आणि भावजींना म्हटलं, गाडी सोडा. आधी महादूला पुण्याला नेऊन तपासा. तुमच्या भावानं गावाला हेच शिकवलंय.

महादू खांबाशी उभा होता, तो जमिनीकडे बघायला लागला. आई गाडीत चढत होत्या, तिथूनच म्हणाल्या, “तू गप ऱ्हा. जिला सोताला झालं न्हाई, तिनं या कामात बोलू नये.”

तेव्हा मी बोलले. मला होणार होतं, आई. तुमच्या लेकाला होणार नव्हतं. त्यांनी स्वतः तपासलं होतं आणि मरताना मला सांगितलं.

भावजी ओरडले, वैनी, मेलेल्या माणसावर काय आळ घेताय! जाऊबाईंनी कानावर हात ठेवले. आणि आई गाडीच्या चाकाला धरून खाली उतरल्या, जोत्यावर बसल्या. मला वाटलं, आता शिव्या येणार. त्या म्हणाल्या, “वरडू नगं. खरं हाय ती म्हनती ते. रघूनं मला सांगितलं व्हतं.”

कधी, म्हणून मी विचारलं. म्हणाल्या, “माज्या भाचीला आनायची व्हती तवा. दार लावून सांगितलं. नाथाची आन घातली.”

मी म्हटलं, मग त्यानंतरचे ते काढे? ते सोमवार? तुम्हाला ठाऊक असूनही?

“लोक इचारायचे, सुनंला काय औशीद करताय म्हून,” आई म्हणाल्या. “काय तरी केलेलं दिसाया नगं व्हय?”

ऐकलंत?

तुमचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. आज घेते, आणि एवढ्यापुरतं अरेतुरेही करते. रघुनाथ, तू तुझ्या आईला सांगितलंस आणि मला नाही सांगितलंस. ज्या दिवशी मी तुझ्यासाठी पुरण घातलं, त्या दिवशी तुम्ही दोघांनी माझा निकाल लावला होता. माझ्या पोटात ते कडू पाणी जात होतं ते लोकांना दाखवायला, आणि ते तुला ठाऊक होतं. तू मला शिक्षण दिलंस, फिरवलंस, कधी हात उगारला नाहीस, सगळं खरं. पण माझ्या वाट्याचं हे एक सत्य होतं, तेही घरात सगळ्यांत शेवटी मलाच मिळालं. आपण दोघं ते मिळून सोसलं असतं रे. मी सोसलं असतं. मला मूल नको होतं असं नाही, पण तुझ्यावर मी दोष ठेवला नसता. रोग झाला, त्यात तुझी काय चूक? एवढा विश्वास नव्हता माझ्यावर?

असो. पुन्हा ‘अहो’वर येते.

आईंनी भावजींना बैल सोडायला सांगितले. भावजी पाय आपटत शेताकडे गेले. हौसा चुलीपुढून उठली नाही, नुसती बघत होती. थोड्या वेळानं महादू माझ्यापाशी आला, हळूच म्हणाला, “काकी, पुन्याला कवा जायचं?” श्राद्ध झालं की जायचं, म्हटलं. तुमचे ते पुण्याचे डॉक्टर मित्र आहेत, त्यांच्याकडे नेते. हा पोरगा तुमच्यापेक्षा धीट निघाला.

दुपारी कासारीण आली. हौसाला बांगड्या भरायला बसली. नवीच बाई, या गावात पहिल्यांदा आलेली. माझे मोकळे हात पाहून चुकचुकली, मग सगळ्या विचारतात तेच तिनं विचारलं, “लेकरं किती बाई तुमाला?”

मी म्हटलं, “न्हाईत. आमच्या मालकांना होत नव्हतं.”

हे वाक्य जन्मात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. जोत्यावरच्या आईंनी माझ्याकडे पाहिलं. कासारणीनं हौसाचं मनगट दाबलं, बांगडी चढवली आणि म्हणाली, “व्हय का? माज्या भनीच्या दाल्ल्याचंबी तसंच हाय.” आणि दुसरी बांगडी उचलली.

बास. एवढंच झालं, डॉक्टर. तिनं तोंडात बोटं घातली नाहीत, तुम्हाला हसली नाही. एवढ्याशा वाक्याला तुम्ही जन्मभर घाबरलात आणि त्याच्यापायी मला काढे पाजू दिलेत!

तर आता ऐका माझं वचन. परवा तुमचं श्राद्ध मी नीट घालेन, खीर वडे तुम्हाला आवडायचे तसेच करीन. तुमच्या कामाचं कुणी विचारलं तर अभिमानानं सांगेन, ते नळीचं वासरूही सांगेन. आणि मूलबाळ किती म्हणून ज्या ज्या बाईनं विचारलं, तिला तिला कासारणीला दिलं तेच उत्तर देईन. नळावर देईन, देवळात देईन, लोणावळ्याच्या त्या सभेतल्या बायकांना घरी बोलावून चहाबरोबर देईन. तुम्ही कितीही रागावलात तरी देईन.

हौसाच्या हातात हिरव्या बांगड्या छान दिसताहेत.

यमुना